सुई लपवायची कशाला?

माजघरातून



गेल्या पंधरवड्यात एका लेकीचे पत्र आले. नाव-गाव छापू नका, असे तिने वरच्या बाजूला दोनदा लिहिले आहे. तेव्हा ते माझ्याजवळच राहील. मजकूर मात्र सगळ्यांनी वाचावा असा आहे.

"आजी, माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला दिवाळीच्या तोंडावर साखरेचा आजार निघाला. टाईप वन म्हणतात. रोज चार वेळा सुई टोचावी लागते. डॉक्टरांनी सगळं समजावलं, वहीत लिहूनही दिलं. सुई कशी टोचायची ते मी चार दिवसांत शिकले. पण हे मनाला कसं शिकवायचं ते कुणी सांगितलं नाही. घरात कुणी गोडधोड करत नाही, कुणी हसत नाही. हे रानातून मुद्दाम उशिरा येतात. सासूबाई म्हणतात, भावकीत कळू देऊ नको. मी काय करू?"

पत्र वाचले आणि चष्मा काढून ठेवला. लेकी, औषधपाण्याचे जे विचारायचे ते डॉक्टरांनाच विचार, त्यात माझ्यासारखीने तोंड घालू नये. पण मनाचे म्हणशील तर त्या वाटेने आमचे घर जाऊन आले आहे, आणि त्या वाटेवरची सगळ्यांत मोठी चूक माझ्याच हातून झाली. तुझ्या सासूबाई तुला जे सांगतात, तेच मी माझ्या सुनेला सांगितले होते. म्हणून आजचे हे लिहिणे तुझ्यासाठी आहे, आणि तुझ्याहून जास्त तुझ्या सासूबाईंसाठी आहे. त्यांना वाचून दाखव.

पाट तुडुंब, वाफा कोरडा

आमची नात तेव्हा अकरा वर्षांची. मृगाच्या पेरण्या चालल्या होत्या, घरात कुणाचे कुणाकडे लक्ष नव्हते. पोर सारखी पाणी पिऊ लागली. रात्रीतून चार-चार वेळा उठे. दोनदा अंथरूण ओले झाले, तेव्हा "एवढी घोडी झालीस" म्हणून मी तिला टाकून बोलले. ते बोलणे आजही मला टोचते. खाणे वाढले होते, तरी अंगावरचा झगा लोंबू लागला. मी म्हटले जंत झाले असतील. शेजारीण म्हणाली दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. शेवटी पोर शाळेत बाकावरच निजली, तेव्हा तालुक्याला नेली. डॉक्टरांनी बोटाचा एक थेंब घेतला, यंत्राकडे पाहिले, आणि आम्हाला बसूही न देता जिल्ह्याच्या दवाखान्यात धाडले.

वाचकहो, हे मुद्दाम सांगते. मूल फार पाणी पिऊ लागले, सारखे लघवीला जाऊ लागले, खाऊनही वाळू लागले, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. त्यात ओकाऱ्या, पोटदुखी, धाप, श्वासाला पिकून सडलेल्या फळासारखा वास, असे काही असेल तर सकाळची वाट पाहू नका. रातोरात दवाखाना गाठा.

तिथल्या डॉक्टरीणबाई शेतकऱ्याच्या घरच्या असाव्यात. त्या मला म्हणाल्या, "आजी, पाटाला पाणी आलंय, पण वाफ्याची दारं कोण धरणार? इन्सुलिन म्हणजे दारं धरणारा गडी. तोच हिच्या अंगात उरला नाही. म्हणून पाट तुडुंब भरलाय आणि वाफा करपून चाललाय. रक्तात साखर आहे, पण अंगाला लागत नाही. आता रोज बाहेरून गडी पाठवायचा, तो या सुईतून."

गडी गेला कुठे, हेही त्यांनी सांगितले. अंगाची राखण करणारी जी शक्ती असते, तिने चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींनाच वैरी समजून मारले. राखणीच्या कुत्र्याने घरच्याच कोंबड्या माराव्यात, तसे. पोरीने गोड जास्त खाल्ले म्हणून हे झाले नाही. आईने गरोदरपणी काही चुकीचे केले म्हणून नाही, कुणाच्या पापाने नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. वयस्कर माणसांचा मधुमेह पुष्कळदा गोळ्यांवर भागतो, इथे इन्सुलिनवाचून एक दिवसही चालत नाही. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, अंगारा, यांतले काहीही इन्सुलिनची जागा घेत नाही. तसे सांगून कुणी सुई बंद करायला लावत असेल, तर तो पोराच्या जिवावर उठला आहे, एवढे पक्के समजा.

घरात पाच माणसे, पाच तऱ्हा

दवाखान्यातून घरी आलो आणि खरी परीक्षा सुरू झाली. सूनबाई रात्री तीनला उठून पोरीच्या कपाळाला हात लावून बघे. झोपेत साखर फार उतरली तर घाम सुटतो, हे तिने ऐकले होते. दिवसा ती स्वतःलाच दोष देत बसे. "मीच तिला लाडू जास्त दिले," हे तिचे पालुपद. डॉक्टरीणबाईंनी दहादा सांगूनही ते तिच्या मनातून जाईना.

माझा थोरला लेक, पोरीचा बाप, एक शब्द बोलत नव्हता. बांध घालणे, पाईप जोडणे, नसलेली कामे काढून तो रानातच राही. मला वाटे, याला काही वाटतच नाही. एक दिवस धार काढायला गोठ्यात गेले, तर हा गाईच्या मानेवर डोके टेकून उभा, आणि पाठ हलत होती. मी तशीच मागे फिरले. आज वाटते, मागे फिरायला नको होते. जाऊन जवळ उभे राहायला हवे होते.

धाकटा नातू सहा वर्षांचा. त्याचे सगळ्यांनी लक्ष काढून घेतले होते. त्याने एकदा हळूच विचारले, "आजी, मला सुई कधी सुरू होणार?" ताईच्या पेल्यातले पाणी प्यायला म्हणून आपल्यालाही होणार, असे त्याने मनाशी धरले होते. महिनाभर ते पोर एकटेच ती भीती घेऊन हिंडत होते.

आणि नात? पहिले पंधरा दिवस शहाण्यासारखी वागली. मग एका सकाळी सुईची डबी अंगणात भिरकावली. "मलाच का?" मी म्हटले, "देवाची इच्छा, बाळ." ती म्हणाली, "मग देवाला सांग, एक दिवस सुट्टी दे म्हणावं."

लेकी, तुमच्या घरात आज जे चालले आहे, त्याला नाव आहे दुःख. घरातले माणूस गेले तर सुतक असते, लोक भेटायला येतात, भाकऱ्या आणून देतात. या दुःखाला सुतक नाही. पोर डोळ्यांसमोर खेळते आहे, मग रडायचे कशाला, असे लोक म्हणतात. पण घरातून काहीतरी गेलेले असतेच. हवे तेव्हा खाल्ले, दमेपर्यंत हुंदडले, निवांत झोपले, ते बिनघोर जिणे गेलेले असते. त्यासाठी रडावे. तुझे मालक उशिरा घरी येतात तेही रडणेच आहे, फक्त डोळ्यांत पाणी नाही. त्यांना बोल लावू नकोस. एक दिवस त्यांच्याच हाती सुई दे. आमच्या थोरल्याने ज्या दिवशी लेकीला पहिली सुई टोचली, त्या दिवशी त्याचे हात थरथरत होते, पण रात्री तो सगळ्यांबरोबर जेवायला बसला.

झाकली मूठ

आता माझी चूक सांगते.

दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशीच मी सुनेला बजावले, "हे चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये. पोरीची जात हाय. उद्या पाव्हणे बघायला येतील. झाकली मूठ सव्वा लाखाची." सूनबाई म्हणाली, "आत्याबाई, शाळेत तरी सांगूया." मी तेही करू दिले नाही. इन्सुलिनची डबी शिवणाच्या पिशवीत राहू लागली. पोर आतल्या खोलीत कणगीआड बसून सुई टोचून घ्यायची. कुणी दारात आले की झगा सावरून बाहेर. आणि मी मनाशी म्हणे, बघा कसे निभावले.

अशी दोन वर्षे गेली. नात तेरा वर्षांची झाली. उन्हाळ्यात जवळच्या नात्यात लग्न निघाले. दोन दिवसांचा मुक्काम, घर बायाबापड्यांनी भरलेले, खोलीला कडी नाही. निघताना मी पोरीला म्हटले, "कुणाच्या डोळ्यांवर येऊ देऊ नको हं." सूनबाई स्वयंपाकात अडकली. तिने विचारले, "घेतलीस का?" पोर म्हणाली, "घेतली." घेतली नव्हती. संध्याकाळची नाही, रात्रीची नाही, दुसऱ्या दिवशी सकाळचीही नाही.

अक्षता पडल्या तेव्हा ती मांडवाच्या मागे ओकत होती. आम्ही म्हटले, ऊन बाधले, जेवण बाधले. कुणी लिंबू-सरबत दिले, कुणी कांदा फोडून हुंगवला. दुपारी तिला धाप लागली, मोठमोठे श्वास घेऊ लागली, हाक मारली तर नीट ओ देईना. तेव्हा कुठे सूनबाईने सगळ्या मांडवासमोर ओरडून सांगितले, "तिला शुगर आहे हो, कुणीतरी गाडी काढा!" दोन वर्षे झाकलेली मूठ अशी उघडली.

इन्सुलिन न मिळाल्याने रक्तात आम्ल साठले होते. आणखी काही तास गेले असते तर पोर हाती लागली नसती, असे डॉक्टर म्हणाले. दोन दिवस सलाईन आणि इन्सुलिन चालू होते. तिसऱ्या दिवशी तिने डोळे नीट उघडले. मी विचारले, "का गं घेतली नाहीस?" ती रागाने नव्हे, अगदी साधेपणाने म्हणाली, "आजी, तूच म्हणाली होतीस ना, कुणाला दिसू देऊ नको."

मंडळी, मला आजवर कुणी अशी चपराक मारली नव्हती. मी लपवत होते आजार. पण पोर शिकली होती ते हे, की आपल्यात काहीतरी लाजिरवाणे आहे, आणि जीव गेला तरी चालेल पण ते दिसता कामा नये.

शेतकऱ्याच्या पोराचे देणे

त्या मुक्कामात डॉक्टरीणबाईंनी मला एक हकीकत सांगितली. शंभर वर्षांमागे या आजारावर औषधच नव्हते. मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, म्हणजे साखर कमी राहील आणि आणखी काही महिने निघतील. कॅनडात ॲलिस्टनजवळच्या शेतावर १८९१ साली १४ नोव्हेंबरला एक मुलगा जन्मला, फ्रेडरिक बँटिंग. शेतकऱ्याचा पोर, पुढे डॉक्टर झाला. टोरंटोच्या विद्यापीठात बेस्ट, मॅक्लिऑड आणि कॉलिप यांच्यासह १९२१-२२ मध्ये त्याने जनावरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिले, आणि मरणपंथाला लागलेला तो पोर सावरला. या शोधाचे हक्क संशोधकांनी एकेका डॉलरवर विद्यापीठाला देऊन टाकले. आपल्याकडे १४ नोव्हेंबरला बालदिन असतो. त्याच तारखेला बँटिंगच्या जन्मदिवसाची आठवण म्हणून जगभर मधुमेह दिनही पाळतात.

त्याच १९२२ सालच्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी बँटिंगकडे आली. तिचा बाप अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री. पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची पोर, आणि वजन वीस किलोच्या आसपास. इन्सुलिनने ती उभी राहिली, शिकली, लग्न केले, तीन मुलांची आई झाली. आयुष्यात तिने बेचाळीस हजारांच्या घरात सुया टोचून घेतल्या आणि १९८१ साली, सत्तरी ओलांडून, ती गेली. पण मला जे लागले ते पुढचे. एवढे आयुष्य निभावलेल्या त्या बाईने आपला आजार जन्मभर लोकांपासून लपवून ठेवला. मंत्र्याच्या घरातही तीच मूठ, आमच्या माजघरातही तीच. औषध मिळाले, पण लाज कुणी उतरवली नाही.

मूठ उघडल्यावर

घरी आल्यावर मी स्वतः शाळेत गेले. गुरुजींना सांगितले, तिच्या दोन मैत्रिणींना सांगितले, बचत गटातल्या बायांना सांगितले. सगळे गोड झाले असे म्हणणार नाही. एकीने आपल्या मुलीला आमच्या पोरीच्या डब्यातले खायला मनाई केली. नात्यातल्या एका घराने पुढचे-मागचे बोलणे बंद केले. वाईट वाटले. पण आठ दिवसांनी अंधार पडल्यावर वरल्या आळीची एक बाई आली. तिच्या भाच्याला हाच आजार. तीही लपवत होती. आम्ही दोघी उंबऱ्यावर बसून तासभर बोललो. पुढे एकदा खेळताना नातीची साखर उतरली, हातपाय कापू लागले, तेव्हा मैत्रिणीने धावत जाऊन गुरुजींच्या टेबलावरची साखर आणली. मूठ झाकलेली असती तर त्या पोरीला काय कळले असते?

लेकी, तुला एवढेच सांगते

यंत्रावरचा आकडा म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. आकडा चढला की आपण पहिले विचारतो, "काय खाल्लंस?" मग पोरे खोटे सांगायला शिकतात. ताप, काळजी, वाढते वय, दमणूक, अशा कितीतरी कारणांनी आकडा हलतो. पावसाचा अंदाज जसा चुकतो, तसा हाही चुकतो. "बरं, आता काय करूया?" असे विचारावे.

त्याचे ताट वेगळे मांडू नकोस. पोळ्याला पुरणपोळी केलीस तर त्याला किती द्यायची आणि त्यासाठी इन्सुलिन किती, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेव. घरात गोड करणेच बंद केले, तर धाकट्यांना वाटते याच्यामुळे आपला सण गेला, आणि यालाही तेच वाटते.

मूल एकाएकी चिडले, घामाघूम झाले, थरथरू लागले, वेड्यासारखे बोलू लागले, तर रागावण्याआधी साखर तपास. उतरली असेल तर साखरेचे पाणी दे. मोठ्या मुलाला तीन चमचे साखर, लहानाला डॉक्टर सांगतील तेवढी, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नकोस, कुशीवर निजवून थेट दवाखान्यात ने. शाळेत जाताना, रानात जाताना खिशात साखरेची पुडी हवीच. अंगमेहनतीच्या दिवशी साखर रात्री उशिराही उतरते, हे तुझ्या मालकांना सांग. उपास मात्र या पोराला धरायला लावू नका. तो आपण धरावा.

त्याला हळूहळू स्वतः करायला शिकव, पण बारा-तेरा वर्षांचा झाला की "आता तुझं तू बघ" म्हणून अंग काढू नकोस. त्याच वयात पोरे कंटाळतात, चुकवतात. आमची चुकवली ती त्याच वयात. "कंटाळा आला" म्हणाला तर उपदेश करू नकोस. जन्मभर रोज चार सुया, एकही सुट्टी नाही, कंटाळा येणारच. अशा वेळी म्हणावे, "आजची मी टोचते, तू नुसता बस." पण उदासी हटत नसेल, जेवण-झोप उडाली असेल, जगण्यात राम नाही असे बोलू लागला, तर विनाविलंब डॉक्टरांना सांग. मनालाही औषधोपचार असतात. आणि हे तुलाही लागू आहे. रात्री तीनची पाळी मालकांशी वाटून घे.

राहिली भावकी. दवंडी पिटायला कुणी सांगत नाही. पण जो पोराच्या आसपास असतो, त्या प्रत्येकाला माहीत हवे. लग्नाची काळजी असेल तर तुझ्या सासूबाईंना माझा निरोप सांग. या आजाराची माणसे लग्ने करतात, नीट सांभाळले तर बायकांना निरोगी मुलेही होतात. आधी पोर तर जगू द्या. लपवून जमवलेली सोयरीक पहिल्या सुईला मोडेल. सांगून जमलेली टिकायला तरी वाव आहे.

आमची नात आता एकोणीस वर्षांची आहे, तालुक्याच्या कॉलेजात जाते. यंदा हुरड्याला पाहुणे आले होते. आगटीभोवती सगळे बसले होते. तिने साखर तपासली, मनाशी हिशेब केला, बसल्या जागी पोटाला सुई टोचली आणि शेजारणीशी चाललेली गोष्ट पुढे चालू ठेवली. कुणी वळूनही पाहिले नाही. मी मात्र पाहत होते. धूर डोळ्यांत गेला म्हणून पदर लावला.

लेकी, पत्र लिहीत जा. पुढच्या वेळी नाव छापले तरी चालेल, असे लिहिलेस तर मला फार बरे वाटेल.

तुमची,
माजघरातली आजी